व्हॉल्व्हआधी तारा बदला



जॅझ गिटारचा उबदार स्वर व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरशिवाय निघतच नाही, हे एका पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. व्हॉल्व्हचा खास रंग खुलतो तो त्याला ताणल्यावर. जॅझच्या भरगच्च कॉर्डना मात्र स्वच्छ आवाज लागतो, नाहीतर सगळे स्वर एकमेकांत कालवले जातात. जॅझ गिटारवादक जो पास वर्षानुवर्षे पॉलिटोन कंपनीच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरवर वाजवत, तरी त्यांचा स्वर कुणी कोरडा ठरवला नाही. व्हॉल्व्ह आघाताची धार हलकेच बोथट करतो, हा मुद्दा खरा. पण मानेजवळचा पिकअप, सपाट पट्टीने गुंडाळलेल्या फ्लॅटवाउंड तारा आणि गिटारवरच थोडा उतरवलेला टोन हे काम बरेचसे आधीच उरकतात. व्हॉल्व्ह घरात असेलच तर गेन कमी ठेवावा. नसेल, तर कर्ज काढण्याआधी तारा बदलून पाहाव्यात.

– एक वाचक, वांगणी (जि. ठाणे)