ओताकू आणि न दिसणाऱ्या मुली



जपानी भाषेत ‘ओताकू’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘आपलं घर’, म्हणजे समोरच्याचं घर. ओळख बेताची असेल तर तू-तुम्ही टाळून ‘आपल्याकडे काय म्हणतात?’ असं विचारावं, तसा हा अदबीचा शब्द. शेजारणी एकमेकींशी बोलताना तो सहज वापरत. आज जगभर तो ज्या अर्थानं माहीत आहे तो मात्र वेगळाच. चित्रकथांमध्ये आणि चलत्‌चित्रांच्या मालिकांमध्ये बुडालेला, माणसांत न मिसळणारा, खोलीचं दार लावून बसलेला तरुण. तरुणच. ओताकू म्हटलं की मुलगी कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

आता हा विषय आपल्या अंकात कशाला, असं वाटेल. आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या आया नवऱ्याच्या, सासरच्या तक्रारी सांगून झाल्या की हल्ली हळूच विचारतात, ‘ताई, पोरगी दिवसभर ती मोठ्ठ्या डोळ्यांची जपानी चित्रं काढत बसते, काही वेडंवाकडं तर नाही ना?’ (१९९३ साली दूरदर्शनवर आपण घरोघरी पाहिलेला मोगली जपानी चित्रकारांनीच काढलेला होता, हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.) या प्रश्नामुळे मी जपानबद्दल वाचायला लागले आणि वाचता वाचता लक्षात आलं की तिथल्या समाजाने हाच प्रश्न पन्नास वर्षं विचारला आहे, फक्त मुलींना वगळून.

२१ डिसेंबर १९७५ ला टोकियोत पहिलं ‘कॉमिक मार्केट’ भरलं. स्वतः काढलेल्या, वर्गणी काढून छापलेल्या चित्रकथांच्या पुस्तिका विकण्याचा हा बाजार. ३२ गट आले होते, सातशेच्या आसपास माणसं. त्यांतल्या बहुतेक शाळकरी मुली होत्या! हागियो मोतो या चित्रकथाकर्तीच्या त्या चाहत्या. हागियो मोतो, ताकेमिया केइको, ओशिमा युमिको या १९४९ च्या आगेमागे जन्मलेल्या लेखिका. त्यांच्याआधी मुलींसाठीच्या चित्रकथाही बऱ्याचशा पुरुषच काढत. या बायांनी त्यात मृत्यू आणला, एकटेपण आणलं, शरीर आणलं. त्या वाचून मुली स्वतः कागद घेऊन बसल्या. घडी घालून टाचलेल्या त्या पुस्तिका म्हणजे आपल्या चळवळीतल्या सायक्लोस्टाइल पत्रकांच्या बहिणीच म्हणायच्या. पुढे हा बाजार एवढा वाढला की डिसेंबर २०१९ मध्ये चार दिवसांत साडेसात लाखांची हजेरी लागली.

‘ओताकू’ हे नाव पडलं १९८३ मध्ये. नाकामोरी आकिओ या लेखकाने एका मासिकात या बाजाराला येणाऱ्या पोरांची टर उडवली: कपडे गबाळे, अंग बेढब, बोलताना एकमेकांना ‘ओताकू’ म्हणतात. मुलींच्या दिसण्यावरही त्याने शेरे मारले. पण खरा रोख मुलग्यांवर होता, आणि आरोप काय, तर हे पुरुषासारखे पुरुष नाहीत, बायकी आहेत. पुरुषाला हिणवायचं तर त्याला बाई म्हणायचं, ही रीत आपल्या ओळखीची आहे. गंमत अशी की हे ज्या मासिकात छापून आलं ते स्वतः कोवळ्या मुलींची लैंगिक चित्रं विकणारं होतं. त्याबद्दल त्या लेखात नाराजी नव्हती.

मग आलं १९८९. आदल्या वर्षभरात टोकियो आणि सायतामा भागात चार ते सात वर्षांच्या चार मुलींचे खून झाले होते. जुलैमध्ये मियाझाकी त्सुतोमु हा तरुण पकडला गेला. त्याच्या खोलीत ५७६३ व्हिडिओ कॅसेट सापडल्या आणि त्या खोलीचं छायाचित्र देशभर गेलं. त्या दिवसापासून ओताकू म्हणजे होऊ घातलेला खुनी, असं समीकरण झालं. छंद असलेली मुलं-मुली घरी आणि शाळेत तो लपवू लागली. त्या चार मुली चर्चेतून फार लवकर नाहीशा झाल्या. लहान मुलगी रस्त्यावर किती सुरक्षित आहे, हे कुणी फारसं विचारलं नाही. खोली, कॅसेट, चित्रकथा यांवर मात्र पानंच्या पानं भरली. गुन्हा एका विचित्र खोलीत कोंडून टाकला की बाकीची सगळी घरं सभ्य ठरतात. बलात्कार करणारा ‘विकृत’ होता असं म्हणून आपल्याकडची वर्तमानपत्रं हेच करतात.

पुढची पंधरा वर्षं सरली आणि त्याच ओताकूचं कौतुक सुरू झालं. २००४-०५ मध्ये ‘देन्शा ओतोको’ म्हणजे ‘आगगाडीतला माणूस’ ही गोष्ट पुस्तक, चित्रपट, मालिका अशी गाजली. लाजाळू ओताकू आगगाडीत दारुड्याच्या त्रासातून एका मुलीला सोडवतो, तिच्यासाठी केस कापतो, नवे कपडे घेतो. म्हणजे बाई मिळाली, माणूस सुधारला. २०१० पासून सरकारनेच ‘कूल जपान’ म्हणून या मालाची निर्यात करायला घेतली. पैसा दिसल्यावर समाजाची नजर किती लवकर निवळते!

या सगळ्यात मुली काय करत होत्या? त्या काढत होत्या. दोन पुरुषांमधल्या प्रेमाच्या गोष्टी स्त्रिया स्त्रियांसाठी काढतात, ही त्यांच्यातली मोठी परंपरा. ताकेमियांची ‘काझे तो की नो उता’ १९७६ ची. असं का, याचं मला पटणारं उत्तर असं की गोष्टीत मुलगी आली की तिच्यामागे गर्भ, अब्रू, लग्न हे सगळं येतं. मुलग्यांच्या शरीराआडून वासनेकडे न घाबरता पाहता येतं. या वाचक स्वतःला ‘फुजोशी’ म्हणतात. मूळ शब्द स्त्रिया आणि मुली अशा अर्थाचा. त्यातलं एक अक्षर तसाच उच्चार असलेल्या दुसऱ्या अक्षराने बदललं की होतं ‘सडकी मुलगी’. समाजाने नाव ठेवण्याआधी आपणच ठेवून घेतलेलं.

मी हे सगळं निर्दोष आहे असं म्हणत नाही. १९९२ मध्ये ‘श्वाझीर’ या जपानी स्त्रीवादी पत्रिकेत सातो मासाकि या समलिंगी कार्यकर्त्याने या लेखिकांना खडसावलं होतं: तुम्ही आमची आयुष्यं तुमच्या करमणुकीसाठी वापरता. त्यावर कितीतरी काळ वाद चालला. काही जणींनी रागावून उत्तरं दिली, काहींनी मान्य केलं. तुमच्या-माझ्या हातातल्या या अंकासारख्याच एका पत्रिकेत हे घडलं, याचं मला अप्रूप वाटतं.

आणि कोवळ्या मुलींची पुरुषांसाठी काढलेली चित्रं? ती मला किळसवाणी वाटतात, हे मी स्पष्ट लिहिते. चित्रात कुणी खरी मुलगी नसते, पण पाहणाऱ्याची नजर घडतेच. तरीही बंदीच्या बाजूने उभं राहताना माझा पाय अडखळतो. २०१० मध्ये टोकियोचे राज्यपाल इशिहारा शिंतारो यांनी चित्रकथांवर निर्बंध घालणारा नियम आणला. १९५५ मध्ये बेबंद तरुणांवर कादंबरी लिहून नावारूपाला आलेले हे गृहस्थ. नियमात चित्रं होती, कादंबऱ्या नव्हत्या. त्याविरुद्ध जाहीरपणे उभ्या राहिलेल्यांत ताकेमिया केइको आणि सातोनाका माचिको होत्या. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६ चा आपला कायदा आठवा. सभ्यता ठरवणाऱ्यांच्या हाती कात्री दिली की ती कुणावर चालते यावर आपल्या किती बैठका झाल्या आहेत.

जपानमध्ये मुलांच्या अश्लील छायाचित्रांची निर्मिती आणि विक्री १९९९ मध्ये गुन्हा ठरली, पण ती केवळ जवळ बाळगणं गुन्हा व्हायला २०१४ उजाडलं. चित्रकथा त्यातून वगळल्या, आणि जगाने सगळी ओरड त्या वगळण्यावर केली. त्याच देशाच्या दंडसंहितेत संमतीचं वय १९०७ पासून १३ होतं. स्थानिक नियम होते, पण मूळ कायदा तोच. मार्च २०१९ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत लागोपाठ आरोपी निर्दोष सुटले. एका खटल्यात तर आरोपी मुलीचा बाप होता. त्यानंतर ११ एप्रिलला टोकियोत बाया हातात फुलं घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या. पुढे दर महिन्याच्या ११ तारखेला गावोगावी उभ्या राहू लागल्या. २०२३ च्या जूनमध्ये संमतीचं वय १६ करणारा कायदा मंजूर झाला.

त्या आयांना मी आता एवढंच सांगते की मुलीने काढलेलं चित्र एकदा तिच्याशेजारी बसून बघा, त्यातली माणसं कोण आहेत ते विचारा. तुमच्या गटात, वस्तीत मुली असं काही काढत-लिहीत असतील तर त्यांना विचारून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात चार पानं त्यांच्यासाठी ठेवली आहेत.