'सीरियस' म्हणजे काय?

गेल्या वर्षी एका मुलाखतीत मला विचारण्यात आले, "आर यू सीरियस अबाउट धिस कोर्स?" मी गडबडीने उत्तरलो, "नो सर, आय ॲम ऑल राइट." समोरचे तिघेही हसले. मीही हसलो. दुसरे काय करणार? पण बेळगावहून निपाणीला येताना बसमध्ये विचार करीत होतो, की माझे चुकले तरी कोठे?

आमच्या घरी हा शब्द इंग्रजीच्या तासाला आला नाही, तो तारेतून आला. आजीच्या माहेरहून तार आली होती: 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली'. तारेला शब्दागणिक पैसे पडत. 'सीरियसली इल' असे दोन शब्द लिहिण्यापेक्षा एकात भागवणे लोकांना परवडे. आजी पोहोचली तेव्हा वडिलांना अंगणात आणून ठेवले होते. मृत्यूची बातमी एकदम कळवू नये म्हणूनही 'सीरियस' लिहीत, हे तिला त्या दिवशी कळले. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आजीच्या मनातला अर्थ मात्र तसाच राहिला.

इंग्रजांचा 'सीरियस' माणूस धडधाकट असतो. तो मनापासून अभ्यास करतो, थट्टा करीत नाही. चूक, प्रश्न, आरोप, सगळेच तिकडे 'सीरियस' असू शकते. आपण त्यातला दवाखान्यापुरता अर्थ उचलला. गंमत म्हणजे आमच्या शेजारच्या कन्नड काकूही "भाळ सीरियस ऐतिरी" म्हणतात, तेव्हा रोगी अत्यवस्थच असतो. सीमाभागात मराठी-कन्नडाचे इतक्या बिनबोभाट एकमत झालेला दुसरा शब्द मला तरी आठवत नाही!

असो. हसण्यावारी नेता येणार नाही अशीही एक गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी आजोबांना एका मोठ्या दवाखान्यात ठेवले होते. एक तरुण डॉक्टर व्हरांड्यात "इट्स अ सीरियस इन्फेक्शन" म्हणाले आणि पुढे गेले. औषधोपचार नीट व्हायला हवेत, एवढाच त्यांचा अर्थ होता. काकांनी मधला एकच शब्द पकडला. संकेश्वर, चिकोडी, गडहिंग्लज, सगळीकडे फोन गेले. संध्याकाळी टेंपो भरून पाहुणे आले आणि आत्यांनी दारातच हंबरडा फोडला. आजोबा खाटेवर बसून चहा मागत होते. आजी मात्र मंगळसूत्र मुठीत धरून रात्रभर बाकावर बसून होती.

आमचा अर्थ चुकीचा आहे, असे मी मुळीच मानत नाही. परका शब्द घरात आला की घरच्या रीतीने वागणार. तरीही परीक्षेला आणि मुलाखतीला जाणाऱ्या आम्हा मुलांना त्याचे तिकडचे अर्थही ठाऊक हवेत. वर्गात 'सीरियस म्हणजे गंभीर' एवढेच सांगून पुढच्या धड्याकडे वळणे पुरेसे नाही. आणि डॉक्टरांना आमची विनंती आहे, की दोन मिनिटे थांबा. "जंतुसंसर्ग जास्त आहे, पण जिवाला धोका नाही," हे मराठीत सांगा, नाहीतर कन्नडमध्ये सांगा. या भागात दोन्ही भाषा समजतात. 'सीरियस' हाही आम्हाला समजतो, पण आमच्या अर्थाने.