एवढंच?

"चौदा महिन्यांत पावणेसात किलो," मी म्हणाले आणि आमच्या लेडीज डब्यात क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग समोर मेथी निवडत बसलेली मैत्रीण मेथीवरची नजर न काढता म्हणाली, "एवढंच?"

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ज्या डब्यात कुणाच्या जावेने तीन महिन्यांत बारा किलो उतरवलेले असतात आणि कुणाच्या भाच्याने लग्नाआधी अठरा, तिथे पावणेसात म्हणजे भाजीवर फुकट मिळालेली कोथिंबीर. २०१८ च्या सुमारास याच डब्यात 'दीक्षित की दिवेकर' या डाएटच्या वादावरून दोन तट पडले होते. दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, यावरून कल्याण ते भायखळा कडाक्याची भांडणं होत. दोन्ही तटांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं : कुणाचं किती उतरलं आणि किती दिवसांत. जास्त आणि लवकर, की जिंकलात.

मला या 'एवढंच'शी भांडायचं आहे. पण त्यामागचा पूर्वपक्ष अगदीच लेचापेचा नाही, म्हणून आधी तो नीट मांडते.

फळ दिसलं की माणसाला हुरूप येतो. पहिल्याच महिन्यात चार किलो उतरले तर पुढचे चार महिने रेटायचं बळ मिळतं. महिन्याला अर्धा किलो उतरणाऱ्याचा धीर दिवाळीच्या फराळापाशी सुटतो. याला नुसता डब्यातला अनुभव नाही, पुरावाही आहे. मेलबर्नमध्ये २०० लठ्ठ माणसांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला १२ आठवड्यांत वजन उतरवायला लावलं, दुसऱ्याला ३६ आठवडे दिले. 'पोचण्याची' रेघ होती निदान १२.५ टक्के घटीची. घाईच्या गटातले ८१ टक्के तिथवर पोचले, सावकाश गटातले ५० टक्केच. पोचलेल्यांवर पुढे जवळजवळ तीन वर्षं नजर ठेवली, तर दोन्हीकडच्यांनी उतरवलेल्यापैकी साधारण ७१ टक्के वजन पुन्हा अंगावर चढवलं होतं.

म्हणजे 'हळू गेलेलं परत येत नाही' हे आम्हा संथवाल्यांचं लाडकं वाक्य इथेच निकालात निघालं. मी ते वर्षभर लोकांच्या तोंडावर फेकत होते. आता फेकत नाही. आणि घाईचा मार्ग प्रत्येकासाठी वाईट, असंही म्हणता येत नाही. ब्रिटनमधल्या एका चाचणीत मधुमेहींना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशे कॅलरींच्या आतबाहेर ठेवलं, तेव्हा वर्षअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. अर्थात हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरच्या घरी काकडी आणि लिंबूपाण्यावर केलेली घाई वेगळी. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, हे कुठलीही जाऊ सांगत नाही.

आता माझं म्हणणं. मेलबर्नच्या त्या सावकाश गटातले निम्मे लोक 'पोचले नाहीत', पण कुठे पोचले नाहीत? १२.५ टक्क्यांच्या रेघेपर्यंत. म्हणजे ८१ किलोच्या बाईने सात किलो उतरवले असते, तरी तिची गणती न पोचलेल्यांत. आणि वजन साडेआठ-नऊ टक्के घटल्यावर तिच्या शरीरात काय झालं? अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. त्यात रोजचं चालणं आणि खाण्यातले बदल पाळणाऱ्या गटाला ७ टक्क्यांचं लक्ष्य दिलं होतं. प्रत्यक्षात त्यांचं सरासरी वजन घटलं ५.६ किलो. तेवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. पाच किलो सहाशे ग्रॅम. आमच्या डब्यात सांगितलं असतं तर मेथीच्या काड्या थांबल्या असत्या.

निराशा गतीतून येत नाही, मोजमापातून येते. मला सांगायचं आहे ते इतकंच.

लहानपणी दादर स्टेशनवर ते रंगीत दिव्यांचं वजनाचं यंत्र असायचं. चक्र फिरायचं, दिवे लुकलुकायचे, नाणं टाकलं की खट्कन जाड पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. 'आपण उदार मनाचे आहात, लवकरच धनलाभ होईल', या थाटाचं. ते यंत्र भंगारात गेलं असेल, पण सवय आमच्यात राहिली. बाथरूममधल्या डिजिटल काट्यावर उभं राहिलं की आजही आम्ही तिकिटाची दुसरी बाजू वाचत असतो. चारशे ग्रॅम कमी : आपण निश्चयी आहात. तीनशे ग्रॅम जास्त : आपल्याच्याने काही होणार नाही.

आणि हा काटा तरी काय मोजतो? हाडं, पाणी, मीठ, काल रात्रीची पोळी-भाजी, सगळं एकत्र. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर आपल्याबरोबर तिच्या तिप्पट पाणी धरून ठेवते. खाणं तोडलं की पहिल्या आठवड्यात ती साखर आणि ते पाणी निघून जातं, काटा दीड-दोन किलो खाली येतो आणि जाऊबाईंचा फोटो फॅमिली ग्रुपवर पडतो. ते पाणी होतं. गेल्या गणपतीत मी दहा दिवसांत १.८ किलो वर गेले. मोदक, अळूवडी, फरसाण, पंचखाद्य, आणि ऋषिपंचमीच्या भाजीवर ताव. अनंत चतुर्दशीला मी वहीत आकडा लिहिलासुद्धा नाही, वही कपाटात टाकून दिली. पुढच्या आठ दिवसांत त्यातले १.३ किलो आपसूक गेले. एवढी चरबी आठ दिवसांत जाणं शक्य नव्हतं. एक किलो चरबीत ७,७०० च्या घरात कॅलरी असतात. म्हणजे ती आलीच नव्हती. फरसाणाचं मीठ आणि त्याने धरलेलं पाणी, यासाठी मी दहा दिवस स्वतःला नालायक ठरवलं होतं.

काट्याचा खोटेपणा यापेक्षा मजेदार रीतीने दाखवला तो पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे फोटो शेजारीशेजारी छापले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ आणि आतून गुबगुबीत, ही आपल्याकडच्या माणसांची जुनी खोड. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. चालणं आणि खाण्यातले बदल पाळणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी निघालं, आणि गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं हललंच नव्हतं. काट्यावर उभं केलं असतं तर यातल्या बहुतेकांना 'एवढंच?' हेही ऐकायला मिळालं नसतं.

वेगाचा हट्ट धरणाऱ्यांना एक साधा हिशेब विचारावासा वाटतो. लग्नात मी ५८ किलोंची होते, सुरुवात केली तेव्हा ८१.४. मध्ये २२ वर्षं. म्हणजे वर्षाला किलोभर, म्हणजे सरासरीने रोज एका ग्लुकोज बिस्किटाएवढं जास्तीचं अंगात साठत गेलं. तेव्हा 'किती हळू चाललंय गं तुझं!' असं कुणी हळहळलं नाही. चढणं एवढ्या शांतपणे चालू दिलं, आणि उतरणं मात्र दिवाळीच्या आत हवं. (तेच एक बिस्कीट आज सोडलं की बावीस वर्षांत पुन्हा ५८, इतका सरळ हा जमाखर्च नसतो. शरीर घटत गेलं की त्याची गरजही घटते.) ज्या नव्या इंजेक्शनांची सध्या चमत्कार म्हणून चर्चा आहे, त्यांची गोष्टही नीट वाचावी. सेमाग्लुटाइडच्या गाजलेल्या चाचणीत सरासरी १४.९ टक्के घट झाली, ती ६८ आठवड्यांत. चमत्कारालासुद्धा सव्वा वर्ष लागलं.

दुसरा पूर्वपक्ष आपल्याच बाजूचा आणि म्हणून जास्त छळणारा : "हळू तर हळू, पण पॉझिटिव्ह राहा हं!" आमच्या ऑफिसात यावर एक व्याख्यान झालं. वक्त्यांनी रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी सडपातळ होत आहे' असं अकरा वेळा म्हणायला सांगितलं. आरशाला काय, तो ऐकून घेतो. मी चार दिवस म्हटलं. पाचव्या दिवशी काटा वर गेलेला, आणि मग काट्याच्या दुःखात आरशाशी खोटं बोलल्याची लाज जमा झाली. वजन कमी करायचं ते करायचं, वर आनंदी राहण्याचं आणखी एक काम. ते जमलं नाही की त्यातही आपणच नापास.

मला विचाराल तर मनाला यातून शक्य तितकं वगळावं. सीएसएमटीला उतरल्यावर शेअर टॅक्सीच्या रांगेत उभं न राहता मी बॅलार्ड इस्टेटपर्यंत चालत जाते आणि संध्याकाळी तशीच परत येते. मन प्रसन्न असेल तरच चालायचं अशी अट घातली असती, तर चौदा महिन्यांत जेमतेम चौदा दिवस चालणं झालं असतं. कित्येकदा मी साहेबांवर चिडून चालले, सासूबाईंच्या दुखण्याची काळजी करत चालले, एकदा तर डोळे पुसत चालले. पायांना त्याचा पत्ता नव्हता. रात्री तीन पोळ्यांऐवजी दोन आणि वाटीभर उसळ जास्त, ही उसळ उत्साहामुळे पानात येत नाही. सकाळी मूग भिजत घातलेले असतात म्हणून येते.

सगळ्यात वाईट काळ होता तो कार्तिक ते पौष. नऊ आठवडे काटा ७७.८ वर. बॅटरी गेली असावी म्हणून मी ती बदललीसुद्धा. या नऊ आठवड्यांबद्दल काही गोड बोलायची माझी इच्छा नाही, मी वैतागले होते आणि एका रविवारी सहा बटाटेवडे खाल्ले. पण याच काळात एकदा डोंबिवलीच्या पुलावर मी पलीकडच्या जिन्याने खाली उतरून रिक्षापाशी आले आणि लक्षात आलं, आज मी मध्ये थांबले नव्हते. गेली सहा-सात वर्षं मधल्या पायरीवर मोबाइल बघण्याचं निमित्त करून मी श्वास गोळा करत असे. ते निमित्त कधी सुटलं, तारीखच नाही. मार्चअखेर रक्त तपासलं, तर तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा ६.३ वरून ५.९ वर आलेला. थांबला होता तो बाथरूममधला काटा.

पूर्वपक्षाला एक गोष्ट मात्र मी मनापासून देते. कुणीतरी 'बारीक झालीस' म्हणावं, ही भूक खरी असते आणि संथवाल्यांची ती फार वेळ भागत नाही. रोज दिसणाऱ्या माणसांना अर्धा किलो कळत नाही. नवऱ्याला सहा किलोही कळले नाहीत. ही खंत आकडेवारीने जात नाही.

गेल्या आठवड्यात गौरींसाठी म्हणून भाच्याच्या मुंजीतली नारायणपेठ काढली. तिचा ब्लाऊज अंगात लोंबायला लागला होता, तो घेऊन टेलरकाकांकडे गेले. ब्लाऊज उलटा केला की आत शिलाईच्या कडेला सोडलेलं जास्तीचं कापड दिसतं, शिवणाऱ्यांच्या भाषेत माया. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि त्या मायेवरून अंगठा फिरवत गेले. सुयांच्या बारीक भोकांच्या रेघा होत्या, एकीला लागून एक. मुंजीनंतर उसवलेली पहिली, करोनाच्या वर्षातली दुसरी, त्यानंतरची तिसरी. आठ वर्षांत दर वेळी मी त्यांना "जरा मोकळा करा" एवढंच म्हणाले होते. या वेळी त्यांनी खडूने आतल्या बाजूला खूण केली आणि तिथल्या तिथे मशीनवर घेतलं. नवी शिलाई तिसरी आणि दुसरी ओलांडून पहिल्या रेघेच्या जवळ आली.

"बाहेरचं कापून टाका ना," मी म्हटलं. "टोचतं."

"माया मी कुणाचीच कापत नाही, ताई," काका दोरा तोडत म्हणाले. "कमीजास्त व्हायचंच. तीस रुपये द्या."