शिकवणीसाठी टनामागे एक रुपया



गेल्या हंगामात ऊस तुटून गेल्यावर पूर्णा तालुक्यातल्या एका शिवारात खोडव्यात पाचट कुजवण्याचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. आदल्या दिवशी निरोपही धाडला होता. जाऊन पाहतो तर फड पेटवून दिलेला. सऱ्या काळ्याठिक्कर आणि बुडख्यांतून अजून धूर निघतोय. कसणाऱ्याला विचारलं, "अहो, निरोप मिळाला नाही का?" तो म्हणाला, "साहेब, निरोप मालकाच्या नावानं गेला असंल. मालक नांदेडला राहतेत. मी ठोक्यानं करतो."

त्याचं काय चुकलं? शेअर मालकाच्या नावावर, म्हणून आमची परिपत्रकं मालकाला, शिबिराचं आमंत्रण मालकाला. माती मात्र दुसऱ्याच्या हातात. पुढच्या साली हे रान त्याच्याकडे राहील की नाही, हे त्यालाच माहीत नाही. मग त्यानं पाचट कुजवत का बसावं? युरिया टाकला तर याच पिकात दिसतो, जमिनीचा कस दिसायला चार वर्षं लागतात. मालकालाही लेखी करार नको असतो, कारण कूळ लागेल ही जुनी धास्ती. मी कायद्याचा माणूस नाही, पण एकाच माणसाकडे तीन वर्षं रान ठेवलं तर कुणाचं काही बिघडत नाही, एवढं मालकांना समजावता येतं. समजवायला कुणी जात नाही, ही खरी अडचण आहे.

जळालं काय, तेही पाहा. एक हेक्टर उसातून 8 ते 10 टन पाचट निघतं. त्यात नत्र सुमारे अर्धा टक्का, पालाश पाऊण ते एक टक्का, आणि 32 ते 40 टक्के सेंद्रिय कर्ब. म्हणजे 10 टनांत 50 किलोच्या आसपास नत्र. काडी लावली की नत्र आणि कर्ब बहुतेक हवेत जातं. त्याऐवजी बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत दाबायचं, हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट व 10 किलो कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्यायचं. काम दोन दिवसांचं आहे. कागदावर वाचून मात्र कुणी करत नाही, शेजाऱ्याचा खोडवा फुटलेला पाहिला की करतो.

पाण्याचं तर आणखी अवघड. 1968 साली येलदरी-सिद्धेश्वरची धरणं झाली, पूर्णेचं पाणी कालव्यानं आलं, म्हणून या भागात ऊस उभा राहिला. पण आपली काळी भारी माती पाणी धरून बसते. आवर्तन आलं की रात्रभर पाट मोकळा सोडायचा, ही सवय आपल्या सगळ्यांचीच. खोलगट रानं आधी पाणथळ होतात, मग पांढरं फुलतं, मग जमीन चोपण. चर एकट्यानं काढून भागत नाही. तो खालच्या माणसाच्या बांधाला जाऊन अडतो. सगळं शिवार एकत्र बसवावं लागतं, आणि तशा बैठकीला अनुदान कुठल्या खात्यात मिळतं?

ठिबकला अनुदान आहे आणि ते हवंच. शिकवणीला मात्र उरतं ते वर्षातलं एक शिबिर. मंडप, माईक, चहा, हारतुरे. सत्कार उरकेपर्यंत ऊन चढतं आणि माती परीक्षणाला वीस मिनिटं मिळतात. (मीही त्यात हार घालून घेतले आहेत, नाकारत नाही.)

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात 2018 पासून जागतिक बँकेच्या मदतीनं शेतीशाळा भरल्या, आपला परभणी जिल्हाही त्यात होता. पण प्रकल्पाला मुदत असते, मातीला नसते. सहकार कायद्यात 2013 च्या दुरुस्तीनं सभासद शिक्षणाचं 24 अ हे कलम आलं. सहकाराचा पाया घालणाऱ्या इंग्लंडातल्या रॉचडेलच्या विणकरांनी नफ्यातला अडीच टक्के वाटा शिक्षणाला काढून ठेवला होता. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट 1975 साली उभी राहिली, तीसुद्धा सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांच्या बळावर. म्हणजे मी काही नवं मागत नाही.

मागणं असं : टनामागे एक रुपया, निम्मा कारखान्यानं आणि निम्मा सभासदानं. चार लाख टन गाळप धरलं तर चार लाख होतात. कपात म्हटलं की सभेत आवाज चढतात आणि ते रास्त आहे, आधीच्या कपातींचा हिशेब सगळ्यांना कुठे कळतो? म्हणून या पैशाचा खर्च गटवार याच अंकात छापावा. हारतुरे आणि गाडीचं डिझेल यांना त्यातला पैसा देऊ नये. प्रत्येक गटात सभासदाच्याच रानात एक प्लॉट असावा, तिथे तोडणीनंतर, पावसाळ्याआधी आणि पावसानंतर असं तीनदा जमावं. आमंत्रण दोन नावांनी जावं, मालकाच्या आणि कसणाऱ्याच्या. आणि घरच्या बाईलाही बोलवावं, पाचट सरीत दाबायला बहुतेक ठिकाणी तीच असते.

हे टिपण मी कार्यकारी संचालकांकडे दिलं आहे. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत ते घ्यायचं की नाही, हे मा. संचालक मंडळ ठरवील. ज्यांची जमीन ठोक्यानं किंवा बटईनं आहे त्यांनी कसणाऱ्याचं नाव आपल्या गट कार्यालयात लिहून द्यावं. त्यासाठी निधी मंजूर होण्याची वाट पाहायची गरज नाही.

– ऊस विकास अधिकारी