बालाघाटातला समुद्र

गेल्या दिवाळीत बालाघाटहून भाच्याचा फोन आला. "मामा, इकडे येताना समुद्रातले दोन-चार दगड आणाल का? आणि आगरातलं किलो-दोन किलो मीठसुद्धा." मला वाटलं, देवघरासाठी किंवा कुणा वैद्याने सांगितलं म्हणून हवं असेल. तसं नव्हतं. त्याला घरात खाऱ्या पाण्याची माशांची टाकी करायची होती, दोनशे लिटरची.

बालाघाट कुठे आहे ते आधी सांगतो. मध्य प्रदेशात, गोंदियाच्या शेजारी. १९५६ पर्यंत नागपूर हीच त्यांचीही राजधानी होती, त्यामुळे मराठी कानावर पडते. गावाजवळून वैनगंगा वाहते, पण तिचं पाणी गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराला जातं. म्हणजे आमच्या अरबी समुद्राशी त्या गावाचं नातं पाण्यानेही नाही. (मध्य प्रदेशात सागर नावाचं एक शहर मात्र आहे!) मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि टाकीतल्या पाण्याला हवी सव्वीसच्या आसपासची थंडाई. अशा ठिकाणी समुद्र मांडायचा म्हणजे हट्टच. पण हट्ट मला आवडतो.

मिठाचं उत्तर सोपं होतं. आमच्या नेरुलच्या वा आगरवाड्याच्या मिठागरात खारं पाणी आटवतात तेव्हा मीठ आधी खाली बसतं आणि बराचसा मॅग्नेशियम मागे राहिलेल्या कडू पाण्यात जातो. आगरी मीठ ते कडू पाणी फेकून देतो, म्हणूनच आपली आमटी कडू होत नाही. पण माशांना आणि प्रवाळांना ते सगळंच लागतं. म्हणून टाकीसाठीचं तयार मीठ वेगळं असतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. दोनशे लिटरला सात किलो. ते विकत घे म्हटलं. पाणीही नळाचं नको, आरओचं घे, क्लोरीन जिवाणूंना मारतो.

दगडाचं मात्र मी साफ नाही म्हटलं, आणि तो रागावला.

त्याला हवा होता तो 'लाइव्ह रॉक', म्हणजे जिवंत खडक. हा मेलेल्या प्रवाळाचा सच्छिद्र सांगाडा असतो आणि त्याच्या भोकाभोकांत जिवाणू, किडे, शेवाळ राहतं. खडकाला जीव असतो हे आम्हा गोंयकारांना नवं नाही. ओहोटीला कोयती घेऊन शिनाणे काढायला गेलेल्याला विचारा. पण किनाऱ्यावर दिसतो तो फातर बहुधा जांभा, लोहाने भरलेला. टाकीला लागणारा प्रवाळाचा दगड आणायचा तर वास्कोसमोरच्या ग्रँड बेटाकडे बुडी मारावी लागेल. आणि २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, जिथे वाघ आहे तिथेच. "दोन दगडांनी काय होतं?" असं तो म्हणाला. हेच वाक्य आमच्या नद्यांतली रेती उपसणारेही म्हणत आले आहेत, दोन होड्यांनी काय होतं म्हणून. फ्लोरिडात १९९७ पासून नैसर्गिक खडक उचलायला बंदी आहे. तिथले लोक समुद्रतळाचा तुकडा भाड्याने घेतात, खाणीतले चुनखडीचे दगड तिथे टाकतात आणि जीव धरेपर्यंत थांबून तेच वर काढून विकतात. ही खरी शेती. आमच्याकडे तसं कुणी करताना मी पाहिलेलं नाही.

मग जिवंत खडकाशिवाय टाकी होतच नाही का? होते. फक्त वेळ लागतो. माशाच्या कल्ल्यांतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया निघतो आणि तो विष. एक जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, तोही विषच. दुसरे त्याचा नायट्रेट करतात, तो बराच सौम्य. ही फौज टाकीत उभी राहीपर्यंत मासा सोडायचा नाही, यालाच टाकी 'सायकल' करणं म्हणतात. जिवंत खडक हे यातलं विरजण. विरजण नसलं तर दूध नासवत बसावं लागतं इतकंच! दह्याचे जिवाणू अर्ध्या-एक तासात दुप्पट होतात, हे आळशी बेटे बहुधा दिवस घेतात. म्हणून चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. आणि विरजण मिळालं तरी सुटका नाही: प्रवासात खडकावरचे निम्मे जीव मरतात, कुजतात, आणि तोच अमोनिया पुन्हा.

खरा राग मला दुकानांचा आहे. भाच्याच्या मित्राला एकाने काच, मीठ आणि चार क्लाउनफिश एकाच दिवशी विकले. आठवड्यात चारही उलटे. दुकानदार म्हणाला, "मासे नाजूक असतात, दुसरे घेऊन जा." मासे नाजूक नव्हते, धंदा घाईचा होता. आपल्या देशात हॅचरीत वाढवलेला क्लाउनफिश मिळू शकतो. तरी समुद्रातून धरलेला मासा असा आठवड्याच्या बोलीवर विकावा?

भाच्याने शेवटी सिरॅमिकचे कोरडे दगड घेतले. अमोनियासाठी एक सोललेलं सुंगट टाक म्हटलं, तर म्हणाला इथे वैनगंगेचे झिंगे मिळतात, चालतील का? कुजायला गोडं-खारं काय! टाकला. चौथ्या दिवशी घरात असा वास सुटला की सुनेने मलाच फोन करून चार शब्द सुनावले. दुसऱ्या आठवड्यात अमोनिया चढला, चौथ्यात उतरला आणि नायट्राइट चढला. काचेवर तपकिरी थर आला. शेजारी येऊन विचारत, "मासे कुठे आहेत?" हा म्हणे, "अजून यायचेत."

सातव्या आठवड्यात त्याने फोटो पाठवला: टेस्ट किटच्या दोन नळ्या, दोन्हींचा रंग शून्याच्या खुणेशी जुळणारा. खाली लिहिलं होतं, "मामा, अजून एक आठवडा थांबतो."