वादळ किती उंच जाते?

दिवाळीचे दिवस हे बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचेही दिवस. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी, दिवाळी तोंडावर आली असता, ओडिशाच्या किनाऱ्यावर महावादळ आदळले आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. अशा वादळाचा विस्तार आपण वर्तमानपत्रातल्या नकाशात पाहतो. पण त्याची उंची किती, हे सहसा कोणी विचारीत नाही.

सोपे उत्तर आहे, सोळा-सतरा किलोमीटर. उष्ण कटिबंधात एवढ्या उंचीवर हवा शून्याखाली सुमारे ८० अंशांपर्यंत गार असते. त्यापुढे मात्र तापमान पुन्हा वाढू लागते. खालून चढणाऱ्या हवेला हे जणू झाकणच! वादळाच्या डोळ्याभोवती समुद्राची वाफ घेऊन हवा वर चढते. वाफेचे पाणी होताना उष्णता सुटते आणि ती हवेला आणखी वर रेटते. झाकणाशी पोचल्यावर बहुतेक ढग आडवे पसरतात. काही मात्र, उतू जाणाऱ्या दुधाने झाकण उचलावे तसे, वर मुसंडी मारतात. त्यांच्यातले बर्फाचे कण वरच्या अतिशय कोरड्या थरात विरतात आणि तेथील पाण्याचा अंश वाढवितात. ओझोनचे घर ते हेच.

दुसरा परिणाम याहून नवलाचा. वर घुसलेली गार हवा जड असल्याने पुन्हा खाली येते. झाकण असे वरखाली हलले, की तळ्यात दगड पडावा तशा हवेत लाटा उठतात व आकाशात चढू लागतात. जसजशी हवा विरळ, तसतशी लाट मोठी. चाबकाची मूठ थोडीशीच हलते, पण बारीक टोक केवढा फटकारा मारते, तसाच हा प्रकार!

याचे चित्रही आता मिळाले आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘हेलीन’ वादळ अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर येत असता, अंतराळ स्थानकावर बसविलेल्या नासाच्या एका उपकरणाने सुमारे ८८ किलोमीटर उंचीवरच्या लाटा टिपल्या. तेथील हवा जमिनीवरच्या हवेच्या एक लाखांशाहूनही विरळ. ती रात्री स्वतःच मंद प्रकाशते, पण आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत. त्या प्रकाशात पश्चिमेकडे पसरत गेलेली लाटांची वर्तुळे स्पष्ट उमटली होती.

पण एवढ्या उंचीवरच्या लाटांचे आपल्याला काय? त्याहून वर विद्युत्भारित थर आहे, आणि वादळांमुळे तोही हेलावल्याच्या नोंदी आहेत. सूर्य या थरात जी उलथापालथ करतो, तिच्यापुढे वादळाचा धक्का लहानच. परंतु विमानांना आणि होड्यांना वाट दाखविणारे उपग्रहांचे संदेश याच थरातून खाली येतात. शिवाय या लाटा वरच्या वाऱ्यांना ढकलतात. हवामानाचे गणित मांडताना त्यांचा हिशेब धरावाच लागतो.

आणि त्या गणिताचे मोल मोठे आहे. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी, ऐन नवरात्रात, ‘फायलिन’ वादळ त्याच ओडिशावर आले. इशारा आधीच मिळाला होता, लाखो माणसे सुरक्षित जागी हलविली गेली, आणि बळींचा आकडा शंभराच्या आत राहिला. वादळ कोणालाच अडविता येत नाही; पण त्याची चाल जितकी अचूक कळेल, तितक्या अधिक घरांत दिवाळीच्या पणत्या लागतील.