द्वीप : पाण्यावरून पडलेले नाव

उरणच्या द्रोणागिरी डोंगरावरून स्वच्छ हवेत पाहिले, की दक्षिणेस करंजाची खाडी व पलीकडे रेवसचा किनारा, उत्तरेस घारापुरी आणि वायव्येस मुंबई दृष्टीस पडते. मधूनमधून जमीन आणि सभोवती पाणी, असे हे दृश्य ‘द्वीपसमूह’ या शब्दाचे जणू चित्रच होय. या शब्दाचा अर्थ ‘बेटांचा समुदाय’ असा कोणीही सांगेल. तो उकलून पाहिला, तर मात्र त्यात जमीन नव्हे, पाणी सापडते.

‘द्वि’ म्हणजे दोन आणि ‘अप्’ म्हणजे पाणी. ज्याच्या दोन्ही बाजूंस पाणी, ते द्वीप. अशा ठिकाणी ‘अप्’चे ‘ईप’ होते, हा नियम पाणिनीने अष्टाध्यायीत नोंदवला आहे. त्याच नियमाने ‘अंतरीप’, ‘प्रतीप’ आणि नित्याच्या वापरातला ‘समीप’ हे शब्द सिद्ध होतात. आपण रोज ‘समीप’ म्हणतो, पण त्यातील पाणी कोणास आठवत नाही.

इंग्रजीतील ‘आर्किपेलागो’ या शब्दाची कथाही अशीच आहे. ग्रीक भाषेत ‘आर्कि’ म्हणजे मुख्य व ‘पेलागोस’ म्हणजे समुद्र. तेराव्या शतकात व्हेनिसच्या व्यवहारांत हे नाव ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधील एजियन समुद्राला उद्देशून येते. तो समुद्र बेटांनी भरलेला असल्याने समुद्राचे नाव पुढे बेटांच्या समूहालाच मिळाले.

मराठीने मात्र ‘बेट’ हा वेगळाच शब्द जवळ केला. बांबूच्या दाट समूहालाही मराठीत ‘बेट’च म्हणतात. वर अनेक कोंब वेगळे दिसतात, खाली मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. समुद्रातील बेटेही वर सुटी दिसतात, खाली भूमी एकच असते.

जैन भूगोलात तर द्वीप समुद्रावाचून मोजलाच जात नाही. जंबुद्वीपाचा विस्तार एक लक्ष योजने, त्याला वेढणारा लवणसमुद्र दोन लक्ष, त्यापुढील धातकीखंड चार लक्ष; असा प्रत्येक वलयाचा विस्तार दुपटीने वाढत जातो. तेथे समुद्र ही रिकामी जागा नाही. हिशेबातील स्वतंत्र रक्कम आहे.

द्रोणागिरीच्या पायथ्याशी नेमकी हीच रक्कम गाळली जाते. उरणचा हा भूभाग पूर्वी करंजा बेट म्हणून ओळखला जात असे. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये खाड्या, खाजणे व मिठागरे होती. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, सिडकोने डोंगराच्या नावाने द्रोणागिरी नोड आखला, 2024 च्या जानेवारीत अटल सेतूही खुला झाला. भराव पडत गेले आणि बेट जमिनीला मिळाले. मुंबईची सात बेटेही अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अशाच भरावांनी एक झाली. पावसाळ्यातील मोठी भरती आली, की तेथील सखल वस्त्यांना आपले मूळ आठवते.

खाजण भरले तरी भरतीचे वेळापत्रक बदलत नाही. म्हणूनच नवी मुंबईच्या सखल भागांत धारण तलाव राखले गेले: भरतीच्या वेळी झडपा मिटून पावसाचे पाणी त्यांत साठते, ओहोटीला ते खाडीत उतरते. हे तलाव गाळाने भरले किंवा खारफुटी तुटली, तर पाणी आपली जुनी जागा शोधत दुकानांत आणि गोदामांत येते. मग भिजलेल्या मालाच्या नोंदी तेवढ्या उरतात.

या भागात गाळा वा भूखंड घेणारे कुटुंब सातबारा पाहते, कर्जाचा हप्ता पाहते, रस्त्याचे अंतर पाहते. त्याच बैठकीत त्याने एक जुना नकाशाही मागवावा आणि त्या जागी पूर्वी टेकडी होती, शेत होते की खाजण, हे विचारावे. जमिनीचे नाव व्यवहारात वारंवार बदलते. ‘द्वीप’ या शब्दाने मात्र दोन्ही बाजूंचे पाणी आजवर नावातून पुसू दिलेले नाही.